चांदणी

नियम साधा आहे.
रकान्यातली मुलं दहाच्या आत असली
की आकडा छापायचा नाही,
त्या जागी चांदणी टाकायची.

जूनोला, शिक्षण खात्याच्या वरच्या मजल्यावर
अकरा वर्षं मी चांदण्या टाकते आहे.
सरकारी वकील म्हणून पगार घेते.
शेजारची रोसालिंडा डुमलाओ निकालांचे तक्ते सरकवते,
म्हणते, "घे, तुझं आकाश."
नदीकाठची गावं, जिथे रस्ता जात नाही,
विमान जातं, तेही हवा बरी असली तर,
त्यांच्या शाळांच्या ओळी
या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या लुकलुकतात.

फेब्रुवारीत एका बापाचा फोन आला.
त्याला इथे वासिली म्हणू. खरं नाव लिहिणार नाही,
कवितेतसुद्धा; हात वळत नाही.
मागे कुत्री भुंकत होती,
बर्फावरची गाडी सुरू होऊन बंद पडत होती.
"सातवीच्या गणितात ती चांदणी आहे ना,
ती माझी मुलगी.
सातवीत एकटीच आहे.
नापास झाली ते गावभर ठाऊक आहे,
दुकानदाराला, पाद्र्याला, पोस्टात बसते त्या बाईला.
तू लपवतेस कोणापासून?"

मी कलम वाचून दाखवलं.
पाठ आहे, तरी वाचून दाखवलं.
कागद हातात असला की आवाज कापत नाही.
तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला,
"बाहेरच्यांपासून, होय?
बाहेरचं इथे येतं कोण."

ऑक्टोबरात पट मोजतात.
आमच्याच मजल्यावर, कॉफीच्या यंत्रापलीकडे, अर्थविभाग बसतो.
त्यांचाही नियम दहाचाच:
पटावर दहा नसली तर पैसे आटतात.
त्या गावात नऊ भरली.
माझ्या तक्त्यात जो आकडा उघडा पडला असता तर गुन्हा,
तो त्यांच्या तक्त्यात ठळक छापलेला,
वर तारीख, खाली सही.
दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले.
दोन्ही बरोबर होते.

शाळा गेली. दप्तर माझ्याकडे आलं,
सहा खोकी, एकाला मासळीचा वास.
हजेरीवहीत गैरहजेरीची कारणं, एकाच हातातली:
मासे आले. मासे आले. ताप.
सील. नदी फुटली. भावाला पुरलं.
मासे आले.
काळी पट्टी मारायचं काम माझं,
आणि पट्टी मारण्याआधी वाचावं लागतं.
कोणी वाचू नये असं जे जे आहे
ते सगळं मी वाचलेलं आहे.
घरी हाल्व्हर विचारतो, आज काय विशेष?
मी म्हणते, सूप गरम कर.

यंदा तिला अठरा पूर्ण झाली.
त्या रात्री हक्क बापाकडून मुलीकडे जातो,
कोणाला न उठवता.
तिचं पत्र आलं, अँकरेजहून, वहीच्या पानावर.
गणिताबद्दल शब्द नव्हता.
नोंदीत नाव चुकलंय, म्हणत होती.
आहे ते एका मास्तरांनी त्यांच्या सोयीसाठी ठेवलेलं,
ते मास्तर एकच हिवाळा टिकले.
माझं नाव मी जन्मले त्या वर्षी वारलेल्या बाईचं आहे.
तिला ते लागतं.

दुरुस्तीचा हक्क आहे. पुरावा लागतो.
पुरावा म्हणून तिने ते नाव चार वेळा लिहिलं होतं,
एकाखाली एक, पुस्ती काढल्यासारखं.

संगणकाने घेतलं नाही,
मधलं एक चिन्ह त्याला येईना.
मी खोक्यातून मूळ कागद काढला,
जुन्या नावावर एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी, तसा नियमच आहे,
आणि वर नवं लिहिलं, सावकाश, मोठ्याने म्हणत.
दोनदा चुकले म्हणताना.
रोसालिंडाने मान वर केली.

इथे लिहीत नाही.
इथे त्या जागी *