रिकामं ताट

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात मी वजनं लिहितो.
सतरा वर्षं झाली.
दुपारी एकदा, सुटायच्या आधी एकदा
बायका ताटं घेऊन रांगेने येतात.
मी काट्याकडे बघतो,
ताटाचे दोनशे ग्रॅम वजा करतो,
उरलेलं नावापुढे मांडतो.
अख्खा गर वेगळा, तुकडा वेगळा.
तुकड्याला निम्मा दर.

दोनशे कोणी ठरवले?
माझ्या आधी जो होता, त्याने.
तेव्हा ताटं पितळेची होती म्हणे.

द्रौपदी केळुसकर दाभोलीहून चालत येते.
बोटं चिकाने काळी, टोकांची सालं गेलेली.
खोबरेल संपलं की राख चोळून बसते.
एक खाडा नाही.
सासरा गेला, तेव्हाही चौथ्या दिवशी हजर.
म्हणून गेल्या दसऱ्याला शेठनी तिला
स्टीलचा डबा दिला. टाळ्या झाल्या.
फोटोत तिने हात पदराखाली घेतले.

परवा ती रांगेतून पुढे आली
आणि गर एका फडक्यावर ओतला.
"भावजी, आधी ह्यां रिकामां ताट जोखा."

मागची कुजबुज थांबली.
भट्टीचा आवाज तेवढा राहिला.
काटा थरथरला, मग स्थिर झाला
एकशे चाळीसवर.

साठ ग्रॅम. दिवसातून दोनदा.
मी वहीच्या कडेला गुणाकार मांडायला घेतला
तर म्हणाली, "पैशे मागसून बघू.
माका एवढांच सांगा,
तुमका ठावक होतां?"

आता काय सांगू.
तिसऱ्या वर्षी, बायका जेवायला गेलेल्या असताना
मी एक ताट काट्यावर ठेवून पाहिलं होतं.
मग उचलून जागच्या जागी लावलं.
त्याच महिन्यात शेठनी
माझ्या मुलीच्या ऑपरेशनचे पैसे भरले होते,
न मागता.

मी म्हटलं, "नाही."
तिने माझ्याकडे पाहिलं,
गड्याला मोजायला लावलेले नारळ
मालकाने पुन्हा मोजून बघावेत, तसं.

शेठना सांगितलं. म्हणाले,
"मग बदला की. त्यात काय!"
त्यात काय, म्हणून बदललं.
कालपासून एकशे चाळीस.
मागच्या वर्षांचं कोणी बोललं नाही,
मी तर नाहीच.

आज तिच्या नावापुढचा चौकोन रिकामा आहे.
फळीवर तो डबा, धुऊन उपडा घातलेला.
शेठ हजेरी बघता बघता थांबले,
"द्रौपदीला बरं नाही का रे?"

"बरी असावी," मी म्हणालो,
आणि पुढचं ताट काट्यावर घेतलं.