खांब एकाहत्तर

दिवाळीला सासरी पाच दिवस.
दुसऱ्याच दिवशी पायांना खाज सुटली.
फोनमधल्या नकाशात धानोली म्हणजे
एक ठिपका, त्यातून गेलेली एक डांबरी रेघ,
आणि बाकी सगळं फिकट हिरवं, बिननावाचं,
जणू तिथं कधी कुणी चाललंच नाही.

पहाटे साडेपाचला अर्ध्या चड्डीत निघालो.
पानठेल्यापाशी शेकत बसलेल्यांनी
विस्तवावरचे हात काढून घेतले.
"काहून पयून राह्यले जवाईबुवा? मांगं कोन लागलं?"
कोणी नाही, म्हटलं. असंच.
"असंच?"
पुलापर्यंत तो शब्द माझ्या मागे आला.

डांबरावर नुसते ट्रॅक्टर, कापसाचे, डोंगराएवढे भरलेले,
त्यांच्या धुरळ्यात चार किलोमीटर कसेबसे झाले.
परतलो तर बातमी माझ्या आधी पोचली होती:
जवाई भांडून स्टँडकडे पळाले.
सासूबाईंनी विचारलं काहीच नाही.
चहात साखर जरा जास्त होती,
आणि शलाकाला त्यांनी आत बोलावून घेतलं.

फ्यूज टाकायला आलेला अंबादास
शिडीवरूनच म्हणाला, "टेकडी पाह्यजे का?
मंग डांबर सोडा. माह्या खांबाखांबानं जा."
एकोणीस वर्षं लाइनमन.
वादळात तार तुटली की रात्री बॅटरी घेऊन
त्या फिकट हिरव्यात शिरणारा तोच एकटा.
जुनं बिल मागितलं, पालथं केलं,
कानावरची पेन्सिल काढली.

खांब नऊपाशी पांदण धरा.
बाविसाव्याले धनकराचं झटक्याचं कुंपण,
हात लावू नका, दिवसाही चालू ठेवते तो.
एकतीस ते अडतीस झुडपी जंगल.
चव्वेचाळीसले आग्या मोहोळ. तिथं पयू नका, चाला.
सत्तावन्नले झरा. मार्चात नसते, आता हाये.

तिसऱ्या दिवशी बिल खिशात, मी पांदणीत.
दोन्ही बाजूंनी तूर, पिवळी, दंवानं वाकलेली,
गुडघ्यापर्यंत ओला झालो दहा मिनिटांत.
मोज्यांत इतकी कुसळं की थांबून
एकेक उपटावं लागलं, आणि थांबलो म्हणून
पलीकडून नीलगाय उतरताना दिसली.
चव्वेचाळीसला अंजनाच्या फांदीवरून ते काळं झुंबर.
मी श्वास धरून चाललो.
घड्याळानं विचारलं, धावणं थांबवलंत का?

झऱ्याला पाणी होतं. ओंजळभर, थंड, पानांच्या चवीचं.

त्याच्या पुढं चढ. हातही टेकले एकदोनदा.
माथ्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं: ७१.
तारा वाऱ्यात गुणगुणत पलीकडे उतरत होत्या,
बहात्तर दिसत होता, त्र्याहत्तरही,
पण बिलावरची पेन्सिल इथंच संपली होती.
मी बराच वेळ उभा राहिलो. मग वळलो.

येताना वेचणीला निघालेल्या बाया भेटल्या.
एकीनं ओटी बांधता बांधता विचारलं,
"काय हारपलं जी?"
या वेळी असंच म्हणवेना.
म्हटलं, सापडलं.
त्या हसल्या तशा हसल्या की
तुरीत पाखरं उठली.

संध्याकाळी अंबादासला विचारलं, एकाहत्तरनंतर?
"ते दुसरं सेक्शन. तिकडचा लाइनमन वेगळा."
कधी पाहिलं नाहीस?
"पाह्यलं ना. रातच्याले तिकडचे लाइट दिसते."
तंबाखू मळत राहिला.
"उतरलो नाही कधी. तार तिकडं तुटली,
तं मले कोन बलावते?"

ते बिल आता पुण्यात फ्रिजवर आहे.
भरायची तारीख केव्हाच उलटून गेली.
शलाका म्हणते, माहेर माझं,
आणि सुट्टीचे दिवस मोजतोस तू.
मोजतोय खरा.
बूट मागवलेत, एक जोडी.
डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या दोन.