उभा छेद

नकाशात ती जागा कोरीच होती :
दिवाळ्याच्या पुढं, बेलापूरच्या खाडीलगत,
जिथं भरती आपली रेघ रोज खोडते, रोज काढते.
चौऱ्याण्णव साली तिथं पहिली रेघ मी मारली,
ट्रेसिंग पेपरवर,
घाम टिपायला मनगटाखाली रुमाल ठेवून.

लखानीशेठ म्हणाले, परवाना येतोच आहे.
पत्त्यांची टेबलं, फिरतं चक्र, वर तीनशे खोल्या,
आणि मधोमध थिएटर, अकराशे चाळीस खुर्च्यांचं.
"लोक गाणं ऐकायला येतील, जाताना खेळतील."
म्हणून दारं तशी काढायची :
मैफल संपून उठलेला माणूस
कुठल्याही दारानं निघो,
नव्वद फुटांचा बोळ ओलांडून
थेट जुगाराच्या दालनात उतरला पाहिजे.
घड्याळ नको. खिडकी नको.
वळण असं, की मागं पाहिलं तर आलो ते दार दिसू नये.

काढलं मी. पगार बावीसशे होता.
आणि वळण फार देखणं जमलं होतं, खोटं कशाला बोलू.

कापडिया सरांना बोळाशी देणंघेणं नव्हतं.
ते सिमेंटच्या सांगाड्यात फुगे फोडत हिंडायचे
आणि डोळे मिटून मोजायचे
आवाज विझायला किती वेळ लागतो.
एक पूर्णांक सहा सेकंद. बास.
जास्त झालं तर शब्द शब्दाच्या अंगावर पडतो,
कमी झालं तर गाणारी उघडी पडते.
मागच्या भिंतीचा बाक सगळा नाद गोळा करून
'ठ' रांगेत ओतत होता.
तिथं काथ्या ठोकला, त्यावर गोणपाट,
त्यावर सागाच्या पट्ट्या, मुद्दाम कमीजास्त अंतरानं,
सारख्या अंतरातून म्हणे भिंत शिट्टी घालते.

परवाना आला नाही.
हॉटेल दुसऱ्या मजल्यावर थांबलं, सळया आभाळाकडं.
खुर्च्या मात्र बंदरात येऊन पडल्या होत्या,
पैसे भरलेले, लाल मखमल, परत न जाणाऱ्या.
म्हणून थिएटर झालं.
इतकंच कारण. कोनशिलेवर दुसरं लिहिलंय.

माइक बसवायच्या आधी एक नुसता गळा हवा होता.
वॉचमन रोशन आपल्या आजीला घेऊन आला,
गोमीबाय, धवलारीण,
जिच्या धवल्याशिवाय चार गावांत हळद लागत नसे.
तिनं चपला विंगेत काढल्या.
टाच दोनदा आपटून पाहिली, खाली पोकळ आहे का.
मग स्वतःशीच पुटपुटली,
"यं आमची तिसरी कोंडी व्हती. मिठाची."

मी 'ठ' रांगेत, सव्विसाव्या खुर्चीवर बसले होते.
कानाशी वाकून सांगावं तसं ऐकू आलं.

कापडिया सरांनी वहीत आकडा लिहिला.
मग ती गायली, बराच वेळ, बहुतेक छान.
मला आठवत नाही.
माझ्या छेदात रंगमंचापासून रांगेपर्यंत
आवाजाचे बाण होते, कोन मोजून काढलेले.
त्यातल्या एकावरून हे वाक्य येईल
असं कुठल्याही तक्त्यात नव्हतं.

आता पालिकेकडं आहे सगळं.
चक्र फिरायचं त्या दालनात
शाळांच्या स्नेहसंमेलनांची पोरं रांग धरून बसतात,
वाघ, परी, दोन झाडं, एक रडणारा ससा.
भिंतीवर घड्याळ लागलंय, दहा मिनिटं मागं.
बोळात पावसाळ्यानंतर पांढरं फुलून येतं रंगातून;
दर दिवाळीला नवा रंग, दर श्रावणात पुन्हा तेच.
एकदा नातीचा नाच संपल्यावर
मी बोट लावून जिभेवर ठेवलं. कोणी पाहिलं नाही.

गर्दी वळणाशी हमखास तुंबते.
पोर कडेवर घेतलेला कुणीतरी वैतागून विचारतो,
"हे असलं वाकडं काढलंय तरी कुणी?"
मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहते.