वाहन

यंदा आर्द्राचं वाहन म्हैस,
तात्या पंचांगातून मान वर न काढता सांगतात.
म्हैस म्हणजे डुंबणारा पाऊस. भरपूर.
मी काही बोलत नाही.

मोरणीला विकली केजच्या बाजारात.
दोर व्यापाऱ्याच्या मुठीत गेला
तेव्हा तिनं माझ्याकडं पाह्यलं नाही,
हौदाकडं पाह्यलं.

तिच्या आधी जर्सी होती.
तिच्यासाठी हप्त्यावर पंखा घेतलेला.
चैत्रात लाईट जायची,
मग पाठीवर ओलं पोतं.
पोतं वाळायचं, टँकरची पाळी परवा.

आता सतरा शेळ्या.
काळ्या, लोंबत्या कानाच्या,
हिवर, बोरी, बाभळीच्या शेंगा, काहीही.
सतराजणी मिळून
एका मोरणीचं पाणी पितात.

बोकडाच्या पोटाला मी गोणपाट बांधते,
आषाढातच सोडते.
करडं मार्गशीर्षात येतात,
ऊन चढेस्तोवर पाला खायला शिकतात.
बायका हसतात, बोकडाला लंगोट!
हसू देत.
मागल्या वैशाखात चार करडं
एका दुपारीत गेली,
तेव्हा गल्लीत कुणी हसत नव्हतं.

भादव्यात दोन सरी बऱ्या झाल्या.
मका दुधात होता तोवरच कापला,
बारीक केला, निळ्या पिंपात
पायानं तुडवून तुडवून भरला.
तात्या म्हणाले, हिरवा चारा सडवतीस.
माघात झाकण काढलं.
ताकातल्या शिळ्या भाकरीसारखा आंबूस वास
गोठाभर.
तात्यांनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली.
थुंकले नाहीत.

मोरणीचा खुंटा अजून आहे.
हातभर आत गेलेला, उपटायला दोन माणसं लागतील.
त्याला मी चंद्री बांधते.
एवढा जाड खुंटा तिला कशाला,
पण ती आपली गोल गोल फिरते,
दोर आखूड करून घेते
आणि सगळ्या आळीला सांगते.

काल तात्या उठले,
गुडघ्यावर हात टेकत,
उलट्या बाजूनं फिरून दोर सोडवला.
तिनं त्यांच्या धोतराचा सोगा चघळला.
मग तिथंच उभ्यानं म्हणाले,
"नऊ वाहनं. हत्ती हाय, गाढव हाय,
उंदीर बी हाय.
शेळी कामून नाही?"

"पंचांग लिहिणाऱ्याच्या घरी
पाणी असंल, तात्या,"
मी म्हटलं,
आणि शेवरीचा पाला टांगायला गेले.