दहा मिनिटं

दिवसभर ओपीडीच्या खिडकीत
नाव, वय, आधीचे रिपोर्ट, पुढचे या,
दीडशे माणसांना दीडशे वेळा,
आवाज न चढवता.
पाथर्डी फाट्याच्या सिग्नलपर्यंत
शब्द संपलेले असतात.

मग बिल्डिंगखाली स्कूटर लावून
हेल्मेट तसंच डोक्यात ठेवून
मी दहा मिनिटं बसते.
कुणी विचारलंच तर, फोन आला होता.

समोरची वृषाली जिन्यातूनच ओरडते,
"बबड्या, डबा संपवलास? बाई काय म्हणाल्या?"
आणि तिचा मुलगा दारातच सगळं सांडतो.
मला नाही जमत.
मी शाल्मलीच्या पेन्सिलींना टोकं करून ठेवते,
द्राक्षं धुऊन, देठ काढून.
हेही बोलणंच आहे, हे तिला कळतं का
कधी विचारलं नाही.
विचारायचं म्हणजे पुन्हा खिडकीच.

काल काचेतून ती दिसली,
जिना उतरताना, चपला उलट्या घातलेल्या.
न बोलता मागच्या सीटवर चढली,
पाठीला गाल टेकला.
वर कुणाच्या तरी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग चौथी.

"झाली का दहा?"

म्हणजे गॅलरीतून मोजत होती,
केव्हापासून कोण जाणे.

"अजून दोन," मी म्हटलं.
तिनं मान हलवली.
ती माझ्या पाठीला कळली.