पाणसळ

उदगीर. नळाला अकरावा दिवस.
न्हाणीतले पाइप झाकायला
मन्मथअप्पा आले, कानावर पेन्सिल.

भिंतीत गुट्ट्या ठोकल्या, सागाच्या दीड इंची पट्ट्या,
मग पाणसळ टेकवली.
त्या दिवशी घरात पाणी तेवढंच:
काचेच्या नळीत, बुडबुड्याच्या दोन बाजूंना.

"वरी बसलं तरी मोडत न्हाई बगा,"
म्हणत स्वतःच चौकटीवर बसून चहा प्याले.

मी म्हणालो, सगळं बंद करा.
त्यांनी ऐकलं नाही.
व्हॉल्व्हपुढं वीतभर झडप सोडली, चार स्क्रूंची.
"हात जाऊ द्या की.
झाकायचं असतंय, पुरायचं न्हाई."

रात्री अडीचला खोका खोकला.
आईनं प्लायला कान लावला,
आणि अंधारातच
हंडा विसळायला घेतला.