अधिक-उणे

मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं काढून दिलं:
कोल्हापूर ते विनिपेग
बारा हजार पाचशे साठ किलोमीटर,
विमानाला चौदा तास.
मी विचारलं, अधिक-उणे किती?
पोरगं नुसतं बघत राहिलं.
टॉलरन्स न लिहिलेलं ड्रॉइंग आलं
तर उद्यमनगरात कुणी जॉब चकात धरत नाही.

चौदा तासांचं ते विमान सुटतं कुठून, हेही त्याला ठाऊक नव्हतं.
ते कुठूनच सुटत नाही.
ती नुसती रेघ आहे, गोळ्यावर दोरा ताणून आखलेली,
जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जाते म्हणे,
वाटेत एक टपरी नाही.

यासीन गेला तो उजळाईवाडीहून मुंबईला,
तिथं अकरा तास बाकड्यावर,
मग कुठल्याशा वाळवंटात उतरून पुन्हा चढला,
मग टोरांटो, मग आणखी एक लहान विमान.
एकोणचाळीस तास.
त्यातली वीस मिनिटं आमच्याच विमानतळावर गेली.
पिशवीत वर्निअर सापडला.
जवान म्हणाला, काका, हे काय?
यासीन म्हणाला, हत्यार.
आता आमच्यात त्याला हत्यारच म्हणतात, तो तरी काय करणार?
मी दाराबाहेरच होतो.
फडक्यात गुंडाळलेला वर्निअर तेवढा परत आला.

घरी येऊन मी हिशेब मांडला, जॉबकार्डाच्या पाठीवर.
मिनिटाला शंभर मीटर कापतं टूल,
तासाला सहा किलोमीटर,
रोजचे सहा तास धरले, छत्तीस.
म्हणजे साडेतीनशे दिवसांत विनिपेग.
वीज जाते, मोहरम येतो, गणपती येतात,
माल वेळेवर येत नाही,
तर सव्वा वर्ष म्हणू.
एकतीस वर्षं दोन लेथ शेजारी शेजारी,
दहा बाय वीसच्या पत्र्याखाली.
कितीदा जाऊन आलो असू आम्ही,
पायाखालची फळी तेवढी झिजली.

चारचा चहा आम्ही उभ्यानंच प्यायचो.
आता माझे चार वाजतात तेव्हा त्याचे पहाटेचे साडेपाच,
थंडीत साडेचार,
तिथं सरकारच घड्याळ मागं सरकवतं.
लेकाच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता बसतो,
सून उठू नये म्हणून हळू बोलतो.
बर्फ किती पडलं, ते इंचात नाही, सुतात सांगतो.
त्याच्या बशीत काय आहे, मी विचारत नाही.
माझ्या बशीत खारी असते, त्याला माहीत आहे.

परवा म्हणाला, फोन जरा लेथजवळ धर.
धरला.
एमएसचा शाफ्ट चालू होता, लांब,
निळसर बूर गुंडाळत खाली पडत होती.
बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, लाइन गेली.
मग म्हणाला,
टूल घासलंय तुझं. बदल.

मी म्हटलं, काल तर धार लावलीय.
तो म्हणाला, बदल म्हटलं ना.

मशीन बंद केली, टूल सोडवलं,
दारात जाऊन उन्हात धरलं.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
कोपरा गेला होता.

किती? तिकडून विचारलं.

केसभर, मी म्हटलं.